मेंदूचे रसायन वाचणारा संगणक

चाळिशीतील धडधाकट माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट येते. मालवणच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून एमआरआय काढला जातो आणि फिल्मवर मेंदूत एक पांढरे कडे दिसते. हे कडे कर्करोगाच्या गाठीचे असू शकते, क्षयाच्या गाठीचे असू शकते, पुवाने भरलेल्या गळवाचे असू शकते किंवा फीतकृमीच्या अळ्यांमुळे होणाऱ्या सिस्टिसर्कोसिसचेही असू शकते. या आजारांवरील उपचार एकमेकांपासून भिन्न आहेत. क्षयाला महिनोन्‌महिने गोळ्या, गळवाला निचरा आणि प्रतिजैविके, कर्करोगाला शस्त्रक्रिया व किरणोपचार. चित्रावरून निर्णय झाला नाही, तर कवटीला छिद्र पाडून तुकडा काढणे, म्हणजेच बायोप्सी, हाच मार्ग उरतो.

सिंधुदुर्गातील रुग्णासाठी हा मार्ग बहुधा जिल्ह्याबाहेरून जातो. मेंदूच्या आजारासाठी येथील माणूस वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, घाट चढून कोल्हापुरात किंवा थेट मुंबईला केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या दारात जात आला आहे. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा दोडामार्ग परिसरात आंदोलन उभे राहिले. या अवलंबित्वाची कल्पना त्यावरून यावी. सिंधुदुर्गनगरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले असले, तरी मेंदूच्या गुंतागुंतीच्या निदानासाठी होणारा प्रवास संपलेला नाही.

अशा वेळी एमआरआयच्या अहवालात कधी कधी एक ओळ वाचायला मिळते : ‘एमआर स्पेक्ट्रोस्कोपी करून घ्यावी.’ तीच चाचणी गाठीभोवतीच्या संपूर्ण भागाची, किंबहुना सगळ्या मेंदूची केली, तर तिला स्पेक्ट्रोस्कोपिक इमेजिंग, म्हणजे वर्णपटीय प्रतिमांकन म्हणतात. सुई न टोचता मेंदूतील रसायनांचा नकाशा हाती देणारी ही पद्धत चार दशके जुनी आहे. तरीही ती मोठ्या रुग्णालयांपुरतीच राहिली. त्याचे कारण यंत्राच्या किमतीत कमी आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आकड्यांवर कराव्या लागणाऱ्या प्रक्रियेत अधिक दडलेले आहे.

एका भारतीयाचा सहभाग

नेहमीचा एमआरआय शरीरातील पाण्याचे आणि चरबीचे चित्र काढतो. चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्राला रेडिओलहरीने डिवचले की ते एका ठरावीक कंप्रतेने प्रतिसाद देते. फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे ही घटना दाखवली आणि १९५२ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र हायड्रोजन कोणत्या रेणूत, कोणत्या शेजाऱ्यांच्या सोबत बसला आहे, यावर त्याची कंप्रता किंचित बदलते. हा ‘किंचित’ फरकच स्पेक्ट्रोस्कोपीचा पाया होय.

तो पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स अर्नोल्ड, श्रीनिवास धर्माट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलचा वर्णपट काढला. त्यात एका ऐवजी तीन शिखरे दिसली आणि त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण तीनास दोनास एक असे निघाले. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजन तीन जागी, नेमक्या याच संख्येने बसलेले असतात. पदार्थाला हात न लावता त्याचा रेणू ओळखता येतो, हे त्या आलेखाने रसायनशास्त्रज्ञांना पटवले. धर्माट्टी पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि मुंबईत चुंबकीय अनुनादाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. याच संस्थेत १९८३ मध्ये उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली.

परीक्षानळीतील अल्कोहोलची तीन शिखरे आणि जिवंत माणसाच्या मेंदूतील रसायने यांत मात्र फार अंतर आहे. मेंदूच्या वर्णपटात डॉक्टर प्रामुख्याने चार-पाच शिखरे पाहतात. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, अर्थात एनएए, हे चेतापेशींच्या आरोग्याचे निदर्शक. चेतापेशी मेल्या की ते घटते. कोलीन पेशींच्या आवरणाशी निगडित असल्याने पेशी वेगाने वाढू लागल्या की ते उसळते. क्रिएटिन ऊर्जाव्यवहाराशी संबंधित आहे, तर लॅक्टेट प्राणवायूची ओढाताण दर्शवते. पेशी मोठ्या प्रमाणावर मृत झाल्या की चरबीची रुंद शिखरे उमटतात. क्षयाच्या गाठीत कोलीन फारसे न वाढता चरबीचे शिखर ठळक दिसते, तर पुवाच्या गळवात अमिनो आम्ले आणि ॲसिटेटसारखी जंतूंची उत्पादने सापडतात. या भेदांवर लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. राकेश गुप्ता यांच्या गटाने केलेले काम जगभर संदर्भासाठी घेतले जाते. पाश्चात्त्य देशांत मेंदूतील कडे दिसले की आधी कर्करोग आठवतो. भारतात क्षयही तितक्याच तातडीने आठवावा लागतो.

ही सर्व रसायने अत्यल्प असतात. मेंदूतील पाण्याचा संकेत त्यांच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मोठा असतो. वादळी समुद्राच्या गाजेत दूरच्या होडीचे इंजिन ऐकू यावे, तसा हा प्रकार. म्हणून पाण्याचा संकेत दाबावा लागतो आणि तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढावी लागते. रुग्णाला त्या बोगद्यात स्थिर पडून राहावे लागते, ते याच कारणाने.

पंचेचाळीस हजार आलेख

एकाच जागेचा वर्णपट घेतला तर एक आलेख हाती येतो आणि अनुभवी रेडिओलॉजिस्ट तो डोळ्यांनी वाचू शकतो. पण गाठीची कड कोठे संपते, निरोगी दिसणाऱ्या भागात ती शिरली आहे का, हे एका आलेखावरून कळत नाही. संपूर्ण मेंदूच्या प्रतिमांकनाच्या एका प्रचलित मांडणीत डोक्याचे पन्नास गुणिले पन्नास गुणिले अठरा, म्हणजे ४५ हजार घनखंड पाडले जातात आणि प्रत्येक खंडाचा स्वतंत्र वर्णपट मिळतो. मोजणीला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. त्यांपैकी निम्मे खंड डोक्याबाहेरचे म्हणून सोडले आणि उरलेल्या प्रत्येक आलेखाला एकच मिनिट दिले, तरी तज्ज्ञाला अहोरात्र बसून पंधरवडा पुरणार नाही. स्वयंचलित प्रक्रियेवाचून येथे गत्यंतर नाही.

संगणक नेमके काय करतो, हे थोडे सविस्तर पाहणे योग्य ठरेल, कारण चुकाही याच टप्प्यांवर होतात. यंत्राकडून येणारा कच्चा संकेत हा प्रत्येक क्षणाच्या कंपनांची नोंद असते. फूरियर रूपांतर या गणिती क्रियेने तो आधी स्थानांत आणि कंप्रतांत विभागला जातो. त्यानंतरचे काम चुंबकक्षेत्राच्या दुरुस्तीचे. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनची कंप्रता सेकंदाला सुमारे पावणेतेरा कोटी असते आणि कोलीन व क्रिएटिन यांच्यातील फरक अवघा पंचवीसच्या आसपास! कपाळामागील व कानाजवळील हवेच्या पोकळ्यांमुळे चुंबकक्षेत्र तेवढे सहज सरकते. हे सरकणे संगणकाने प्रत्येक खंडात मोजून मागे घेतले नाही, तर कोलीन क्रिएटिन म्हणून मोजले जाईल आणि वाढणारी गाठ सौम्य भासेल. या दुरुस्तीसाठी दाबून टाकलेल्या पाण्याचाच एक वेगळा, न दाबलेला संकेत संदर्भ म्हणून घेतात. मोजणीत अडथळा ठरणारे पाणी येथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते.

मग डोक्याच्या त्वचेखालील चरबीचा बंदोबस्त करावा लागतो. तिचा संकेत मोठा असून तो शेजारच्या खंडांत झिरपतो. मेंदूच्या कडेला चरबीचे शिखर दिसले, तर ते क्षयाचे की कवटीवरच्या कातडीचे, हा प्रश्न म्हणूनच प्रत्यक्षातला आहे. या शुद्धीकरणानंतर ‘जुळणी’ होते. प्रत्येक रसायनाचा आदर्श वर्णपट संगणकाकडे आधीच साठवलेला असतो. तो त्यांची अशी बेरीज शोधतो, की ती मोजलेल्या आलेखाशी जास्तीत जास्त जुळेल. स्टीफन प्रोव्हेंचर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एलसीमॉडेल’ ही या कामाची सर्वाधिक वापरलेली संगणकप्रणाली. दीर्घ काळ ती विकत घ्यावी लागे. २०२१ पासून ती विनामूल्य उपलब्ध झाली.

शेवटी नेहमीच्या एमआरआय चित्रावरून प्रत्येक खंडात करडे द्रव्य किती, पांढरे किती आणि मेंदूभोवतीचे पाणी किती, हे ठरवले जाते. खंडाचा अर्धा भाग नुसत्या पाण्याचा असेल तर त्यातील एनएए आपोआपच निम्मे दिसते. त्याला आजार समजून चालत नाही. ही हिशेबातली बाब वाटेल, पण मेंदू आकसलेल्या वृद्ध रुग्णात तिच्यामुळेच निदान बदलू शकते.

हे सारे टप्पे एका साखळीत गुंफून मानवी हस्तक्षेपाविना संपूर्ण मेंदूचे नकाशे काढणारी ‘मायडास’ ही प्रणाली मायामी विद्यापीठातील अँड्र्यू मॉड्सली व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. स्वतः मॉड्सली १९८० च्या दशकारंभी या प्रतिमांकनाच्या मूळ कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. म्हणजे मोजणीची कल्पना आणि तिची हाताळता येण्याजोगी प्रणाली यांच्यामध्ये दोन दशकांहून अधिक काळ गेला. मोजण्यापेक्षा वाचणे अवघड होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

‘वाईट’ आलेख आणि आजारी मेंदू

जुळणी करणारी प्रणाली कोणत्याही आलेखाला उत्तर देते, ही तिची अडचण आहे. रुग्ण हलला, चुंबकक्षेत्र बिघडले, आलेख निव्वळ गोंगाट असला, तरी कोलीन इतके आणि एनएए तितके असे आकडे छापून येतात. रंगीत नकाशात तर हे आकडे अधिकच भारदस्त दिसतात. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता सांगण्याची प्रथा आहे आणि तिचे गणित ‘क्रामर-राव मर्यादा’ या नावाने ओळखले जाते. यातील राव म्हणजे भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव. १९४५ मध्ये कोलकात्यात असताना त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा सिद्धांत आहे. उपलब्ध माहितीवरून एखादी राशी जास्तीत जास्त किती अचूक काढता येईल, याची सीमा तो सांगतो. २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, रावांचे निधन झाले.

अनेक प्रयोगशाळांनी यावरून एक सोपा नियम केला : अनिश्चितता वीस टक्क्यांहून अधिक असेल तर तो आकडा टाकून द्यावा. नियम वरवर निर्दोष आहे. परंतु स्वित्झर्लंडमधील बर्न येथील रोलँड क्राइस यांनी २०१६ मध्ये त्यातील धोका दाखवून दिला. उदाहरणादाखल पाहू. निरोगी भागात एनएए दहा एकक असून अनिश्चितता एक एकक असेल, तर ती दहा टक्के होते आणि आकडा स्वीकारला जातो. गाठीत चेतापेशी नष्ट झाल्याने एनएए खरोखरच तीन एककांवर आले. मोजणी तितकीच चांगली, अनिश्चितता तेवढीच एक एकक. पण टक्केवारीत ती तेहतीस झाली आणि आकडा ‘निकृष्ट’ म्हणून कचऱ्यात गेला. म्हणजे यंत्राने नेमका आजारच गाळून टाकला! उरलेल्या आकड्यांची सरासरी काढली तर रुग्णांचा गट प्रत्यक्षाहून निरोगी दिसतो.

स्वयंचलित प्रक्रियेवरची खरी परीक्षा ही आहे. आलेख वाईट का आहे, मोजणी बिघडली म्हणून की मेंदू बिघडला म्हणून, हे तिने ओळखले पाहिजे. तशीच गोष्ट मेंदूच्या आदर्श नकाशाशी जुळवणी करण्याची. निरोगी मेंदूंवर बेतलेली प्रणाली मोठ्या गाठीने बाजूला सरकवलेला मेंदू पाहून गोंधळते. गाठीलाच करडे द्रव्य समजते. ज्याच्यासाठी हे सगळे करायचे, त्याच रुग्णात ती अडखळते.

गेल्या काही वर्षांत ही पारख कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये, तज्ज्ञांनी बरे-वाईट ठरवलेल्या वर्णपटांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क सदोष आलेख चटकन वेगळे काढते, असे दाखवले. हा उपाय आश्वासक आहे. मात्र असे नेटवर्क शिकवणाऱ्या तज्ज्ञांइतकेच आणि शिकवलेल्या आजारांपुरतेच शहाणे असते. पाश्चात्त्य रुग्णालयातील कर्करोगाच्या रुग्णांवर शिकलेल्या संगणकाला क्षयाची गाठ परकीच वाटणार.

एमरीच्याच कामातून दुसरी एक बाब पुढे आली आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. ग्लायोब्लास्टोमा या घातक गाठीच्या ३० रुग्णांवर तीन अमेरिकी विद्यापीठांनी मिळून केलेल्या प्राथमिक अभ्यासात, जेथे कोलीन व एनएएचे गुणोत्तर निरोगी भागाच्या दुपटीहून अधिक होते, तेथे किरणोत्साराची मात्रा नेहमीच्या ६० ग्रेऐवजी ७५ ग्रेपर्यंत वाढवण्यात आली. अभ्यास लहान होता, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यावरून उपचार बदलावेत असे कोणी म्हणत नाही. लक्षात घेण्याजोगे आहे ते एवढेच, की तीन शहरांतील डॉक्टर संगणकीय जाळ्यावरून एकच नकाशा एकत्र पाहत होते. मोजणी एकीकडे, प्रक्रिया दुसरीकडे आणि निर्णय तिसरीकडे, हे शक्य असल्याचे त्यातून दिसले.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात डॉ. प्रवत मंडल यांच्या गटाने ‘कल्पना’ नावाची वर्णपट-प्रक्रियेची प्रणाली तयार करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. अल्झायमरच्या संदर्भात मेंदूतील ग्लुटाथायोन मोजणे हा त्या गटाचा मुख्य विषय. ती मुख्यतः एकेका जागेच्या वर्णपटासाठी असली, तरी परदेशी परवान्यांवाचून हे काम होऊ शकते, हे तिने दाखवले.

फिल्मवर न येणारी गोष्ट

कोकणातील रुग्ण मुंबईला जाताना एमआरआयच्या फिल्मा पिशवीत गुंडाळून, हल्ली सीडी घेऊन निघतो. स्पेक्ट्रोस्कोपी झालेली असेल तर त्या फिल्मवर आलेखाचे एक चित्र आणि शेजारी दोन-चार गुणोत्तरे छापलेली असतात. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला त्याचा उपयोग मर्यादित. चुंबकक्षेत्राची दुरुस्ती झाली होती की नाही, चरबी कोठून आली, जुळणी कितपत बसली, यांपैकी काहीही त्या चित्रातून काढता येत नाही. परिणामी चाचणी पुन्हा होते. पुन्हा तारीख, पुन्हा खर्च, नातेवाइकांचा पुन्हा कोणाच्या तरी खोलीत मुक्काम.

पुन्हा प्रक्रिया करता येते ती कच्च्या डेटावर. एमआरआयच्या चित्रांसाठी ‘डायकॉम’ हे सामायिक स्वरूप १९९० च्या दशकापासून रूढ झाल्याने कोणत्याही यंत्राची चित्रे कोठेही उघडतात. वर्णपटांसाठीही डायकॉममध्ये तरतूद आहे, पण उत्पादकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. सीमेन्सच्या यंत्रातून ‘ट्विक्स’, जीईच्या यंत्रातून ‘पी-फाइल’, फिलिप्सच्या यंत्रातून ‘एसडॅट’ अशी प्रत्येकाची निराळी संचिका निघते. संशोधकांनी २०२२ मध्ये ‘निफ्टी-एमआरएस’ हे खुले सामायिक स्वरूप मांडले आणि ही स्वरूपे त्यात बदलून देणारी विनामूल्य साधनेही केली. म्हणजे तांत्रिक अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. अडसर उरला आहे तो सवयीचा. रुग्णाला देण्याच्या सीडीवर ही संचिका जात नाही, कारण ती कोणी मागत नाही.

चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरच तसे नमूद करणे, किंवा रुग्णाच्या नातेवाइकांनी चाचणीच्या दिवशीच तंत्रज्ञाला स्पेक्ट्रोस्कोपीचा कच्चा डेटा व पाण्याचा संदर्भसंकेत पेनड्राइव्हवर मागणे, हा सध्याचा व्यवहार्य उपाय. सोबत चाचणीची तारीख, यंत्राची शक्ती आणि मोजणीचा ‘टीई’ हा काळ लिहून घ्यावा. टीई ठाऊक नसेल तर लॅक्टेटच्या शिखराचा अर्थ लावता येत नाही. मागणी त्याच दिवशी करण्याला महत्त्व आहे. यंत्राच्या संगणकातील ही जागा मर्यादित असते. ती भरली की जुन्या रुग्णाच्या नोंदीवर नव्या रुग्णाची नोंद लिहिली जाते आणि त्यानंतर फिल्मवरचे चित्र तेवढे शिल्लक राहते.